गावातल्या पोट्ट्यांसाठी एक दिवस घ्यायचाय? आधी हे वाचून घ्या

डिसेंबर उजाडला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "यावर्षी एखाद्या गावात लहान पोरांसाठी काहीतरी घेऊ ना बे." खाली पन्नास अंगठे येतात, आणि तिसराच मेसेज असतो बॅनरचा साईज काय ठेवायचा. थांबा बाप्पा. बॅनर सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगू का, नसला तरी चालते. हे लिहून राहिलो ते रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजना, एनएसएस) पोरापोरींसाठी, किंवा रासेयोत नाही पण वीस-पंचवीस मित्र जमवता येतात अशा कोणासाठीही, फक्त असा दिवस याआधी कधी घेतलेला नसावा. वर्धा-यवतमाळ-अमरावतीकडची खेडी डोळ्यासमोर आहेत, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल.

तारीख गावाला विचारून काढा

कॉलेजची सुट्टी बघून तारीख काढली की खेळ तिथंच बिघडतो. गावाचं कॅलेंडर वेगळं असते. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, लगेच कापसाची वेचणी, ती पार जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते, मधात तूर येते. वेचणी जोरात असली की मायबाप सकाळीच वावरात, आणि मोठी पोरगी एकतर घरी लहान्याला सांभाळते नाहीतर सोबत वावरात जाते. म्हणजे तुम्ही साहित्य घेऊन हजर आणि समोर अर्धाच पट.

दुसरं, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी माय बाजारात असते, पोट्टे तिच्या मागं, आणि मजुरीही बऱ्याच ठिकाणी बाजाराच्या दिवशीच हातात पडते त्यामुळं गावाचं सगळं लक्ष तिकडं. तुमच्या गावाचाच नाही, शेजारच्या मोठ्या गावाचा बाजारही विचारा. मग भागवत सप्ताह, शंकरपट (बैलांची शर्यत), जवळच्या देवस्थानाची यात्रा, लग्नतिथी, हे सगळं एका बैठकीत विचारून घ्यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोट्टे लाकडी नंदी सजवून फिरतात, त्या दिवशी तुमच्या कार्यक्रमाला कोणी विचारणार नाही आणि विचारूही नये.

माझ्या मते बेस्ट म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, शनिवार सकाळ. शनिवारी शाळा सकाळची असते, आणि पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार हा उपक्रम सरकारनं आणलेलाच आहे, म्हणून मुख्याध्यापकांनाही तुमचा दिवस त्यात बसवता येतो. होळीनंतर नका जाऊ. मार्चच्या शेवटी आपल्याकडं अकरा वाजताच जमीन तापते, विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात ते काही उगाच नाही. 3 जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती) किंवा 28 फेब्रुवारी (विज्ञान दिन) पकडायचा मोह होतो, पण त्या दिवशी शाळेत आधीच भाषणं-प्रभातफेरी असते आणि तुम्हाला उरलेला एक तास मिळतो. पुढचा-मागचा शनिवार घ्या.

गाठीभेटी

फोनवर परवानगी मागू नका, जाऊन भेटा. प्राचार्यांच्या सहीचं पत्र दोन प्रतीत न्या, एक शाळेत द्या, दुसरीवर तारीख-शिक्का-सही म्हणजे पोच घ्या. भेटायचं कोणाकोणाला: मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सरपंच, अंगणवाडी सेविका आणि आशाताई. व्यवस्थापन समिती म्हणजे नुसतं कागदी प्रकरण समजू नका, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं तिच्यात 75 टक्के पालक असतात, आणि पालकांना पटलं तर त्या दिवशी पोरं वावराऐवजी शाळेत येतात. केंद्रप्रमुखांना कळवायचं काम मुख्याध्यापकांवर सोडा, त्यांना बरोबर माहीत असते कोणाला कसं सांगायचं.

सरपंच बहुतेक वेळा स्वतः शेतकरी असते, दुपारी गेलात तर घराला कुलूप. सकाळी आठच्या आधी किंवा दिवे लागल्यावर जा. आणि एक गोष्ट पहिल्याच भेटीत हसत-हसत पण स्पष्ट बोलून घ्या: शाल-श्रीफळ नाही, स्टेज नाही, मनोगत नाही. "भाऊ, तुम्ही या, पोरांसोबत एक डाव लगोरीचा खेळा" म्हटलं की माणूस खुश होते. हे आधी नाही बोललात तर ऐनवेळी सात पाहुणे, सात हार, आणि शंभर पोट्टे दीड तास मांडी घालून उन्हात. पोरांचा दिवस सगळ्यात जास्त कशानं मरत असंल तर सत्कारानं.

आता आकडे

मुख्याध्यापकांकडून वर्गवार पट लिहून घ्या. "साठ-सत्तर असतील" असं नाही, पहिलीत किती, दुसरीत किती, असं. चौथीपर्यंतच्या शाळेत दोनच शिक्षक असणं आपल्याकडं कॉमन आहे, त्यामुळं शिक्षक गर्दी सांभाळतील ही आशा सोडा, त्यांना त्या दिवशी जरा टेकू द्या.

हिशोब साधा आहे. तिसरीच्या वरच्या आठ-दहा पोरांमागं एक व्हॉलंटिअर, पहिली-दुसरीच्या पाच-सहांमागं एक. वर चार जण मोकळे: एक पाण्याकडं, एक गेटवर, एक औषधाच्या डब्याशी, एक नुसता फिरता. म्हणजे 80 पोरांना चौदा-पंधरा जण लागतातच. ग्रुपवर "मी येतो" म्हणणाऱ्यांतले किती सकाळी सहाच्या एस्टीला उभे राहतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून नावं वीस घ्या. पोरी जास्त असल्या तर प्रवासखर्चही कमी येतो, एस्टीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे.

एक गोष्ट पटावर नसते. चौथीतली एखादी पोरगी येते आणि कडेवर तिचा दीड वर्षाचा भाऊ असतो, कारण माय वेचायला गेली. ती बसते, एका हातानं कागदाची घडी घालते, दुसऱ्या हातानं त्याचं नाक पुसते, तो कागद तोंडात घालतो, ती काढते, पुन्हा घडी घालते, आणि बाकीच्यांची चिमणी झालेली असते तेव्हा हिची अजून दुसरीच घडी. तिला "बाळाला घरी ठेवून ये" म्हणायचं नाही, घरी कोणी नाहीच. एका वर्गखोलीत चटई टाका, रिकामे खोके, वाट्या, चमचे, रबरी चेंडू ठेवा, अंगणवाडीच्या ताईला आधीच विनंती करून ठेवा आणि दोन व्हॉलंटिअर तिथं बसवा. दार उघडं, म्हणजे ताई दिसली की बाळ रडत नाही. हा कोपरा नसला तर पाच-दहा पोरी दिवसभर येऊनही न आल्यासारख्या राहतात.

काय घ्यायचं

चार गोष्टी पुरे. बारा ॲक्टिव्हिटीची यादी केली की प्रत्येक ठिकाणी पोरं पोचतात आणि शिट्टी वाजते. चार जागा, प्रत्येकी चाळीस मिनिटं, चार गट फिरते.

पहिली जागा कापसाची, पाचवीच्या वरच्यांना. आपल्या पोट्ट्यांनी कापूस वेचलेला असतो, घरात खोलीभर साठवलेला असतो, त्यावर झोपलेले असतात, पण त्यातून सरकी म्हणजे बी काढल्यावर रुई किती निघते ते मोजलेलं नसते. प्रत्येक गटाला 30 ग्रॅम कापूस द्या, छोटा डिजिटल काटा ठेवा. बोटानं सरकी वेगळी करायची. हे वाटते तितकं सोपं नाही, रुई सरकीला चिकटून बसते, पंधरा मिनिटं सहज जातात, पण तेवढ्यात गप्पाही होतात, आणि बऱ्याचदा पोरंच तुम्हाला शिकवतात की कवडी कापूस कोणता अन् चांगला कोणता. मग दोन्ही ढीग वेगळे तोला. रुई साधारण 10 ग्रॅम भरते, सरकी 20. म्हणजे वजनात दोन तृतीयांश सरकीच. आता फळ्यावर गणित: जिनिंगमधून निघणारी रुईची एक गाठ 170 किलोची, तर एका गाठीला कापूस किती लागला? एक तृतीयांश धरून पोरं 510 किलो काढतात, म्हणजे पाच क्विंटलच्या वर थोडं. जिनिंगमधला हिशोबही साधारण पाच क्विंटलचाच असतो, कारण मशीनमधून शेकडा 34 च्या आसपास रुई पडते. सातवीतलं पोरगं लगेच सांगते त्याच्या बापाच्या किती गाठी झाल्या असत्या, आणि तिथून पुढं भावाची चर्चा सुरू झाली तर होऊ द्या, थांबवू नका.

उरलेल्या रुईला बोटानं पीळ देऊन सूत काढायला लावा. टकळी चालवता येणारं कोणी मिळालं, वर्ध्याकडं मिळतेच, तर सोन्याहून पिवळं. 1937 साली वर्ध्यात जी शिक्षण परिषद झाली तिच्यात गांधीजींनी हेच मांडलं होतं, हातानं काम करता करता गणित-भूगोल शिकायचा. पण हे पोरांना भाषणात सांगत बसू नका, हातात टकळी द्या.

दुसरी जागा लोणारसारख्या खड्ड्याची. घमेल्यात चार बोटं बारीक चाळलेली काळी माती, वर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर. राख घेऊ नका, वारा आला की डोळ्यात जाते. कंचा (गोटी) गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा, मग कंबरेच्या, मग खांद्याच्या, आणि दरवेळी पडलेला खड्डा पट्टीनं मोजून वहीत लिहायचा. उंची वाढली की खड्डा रुंद होतो, आणि काळी माती उसळून पांढऱ्यावर किरणांसारखी पसरते, ते बघून पोट्टे ओरडतातच. त्यानंतर सांगा की बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर असंच झालं, उल्का आदळली, आणि खड्डा पडला तो मातीत नाही, बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या वावरात विहीर खोदताना जो काळा दगड लागतो त्यात. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जवळपास 1.8 किलोमीटर. "म्हणजे इथून कुठपर्यंत?" हे पोरांनाच ठरवू द्या, कोणी पांदण सांगते, कोणी फाटा.

तिसरी जागा खेळाची, आणि इथं तुम्ही काही शिकवायचं नाही. पोट्टे शिकवतील, तुम्ही शिका. कंचे, बिल्लस, लगोरी, गिल्लीदांडू, रेसटीप, जे गावात चालते ते. कॉलेजच्या दादाला बिल्लसमध्ये रेषेवर पाय पडला म्हणून बाद करण्यात जी मजा आहे ती कोणत्याच चमचा-लिंबूत नाही. गिल्लीदांडू तेवढा बाकीच्यांपासून लांब, मैदानाच्या कडेला ठेवा, गिल्ली डोळ्याला लागते. आणि पोरींचा गट आला की पोरं मैदान बळकावत नाहीत ना, त्यावर डोळा ठेवा.

चौथी जागा कागद-रंग-काड्यांची, पहिली-दुसरीवाले इथं जास्त वेळ राहतील. ज्यांचं गणिताकडं बरं डोकं चालते त्यांना काडेपेटीच्या काड्या (गूल काढून टाकलेल्या) आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे द्या, त्रिकोण-चौकोन-घर जोडायला. त्रिकोण दाबला तर दबत नाही, चौकोन तिरपा होतो, हे बोटाला कळते. अरविंद गुप्तांनी हा प्रकार देशभर नेला, खर्च नगण्य. ट्यूब सायकलच्या दुकानात मीटरवर मिळते.

पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढू नका. बक्षीस द्यायचंच असंल तर सगळ्यांना सारखं, एक पेन्सिल एक खोडरबर, आणि तेही जाताना. आधी वाटलं की पोरांचं लक्ष खिशाकडं.

भाषेचं

मेळघाटात गेलात तर पहिलीतल्या पोराची घरची भाषा कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, यवतमाळ-वाशीमच्या तांड्यावर गोरमाटी, यवतमाळच्या पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) कोलामी. लहान पोरगं गप्प बसलं म्हणून त्याला येत नाही असं नसते, तुमची मराठी त्याच्यापर्यंत पोचली नाही एवढंच. सूचना सांगू नका, करून दाखवा. सहावी-सातवीतली एक पोरगी प्रत्येक गटात दुभाषी म्हणून घ्या, तिला तसं नीट सांगा, बघा कशी रुबाबात काम करते. आणि पोरांच्या बोलीला हसणारा व्हॉलंटिअर असंल तर त्याला पाण्याच्या कॅन उचलायला पाठवा.

खाणं-पाणी

शाळेचा दिवस असंल तर पोषण आहार शिजणारच, तो बंद करायला सांगू नका. पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदळाचा हिशोब असतो, तो त्याचा हक्क आहे, तुमच्या पोह्यांसाठी तो बुडवायचा नाही. स्वयंपाकाच्या मावशीला भेटून वेळ जुळवून घ्या आणि तुम्ही फक्त वरची भर घाला. संत्रं सगळ्यात भारी: अंबिया बहाराचं डिसेंबरपर्यंत असते, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून सुरू, मोर्शी-वरूड किंवा काटोल-नरखेडकडून कोणी येणार असंल तर पेटीच सांगून ठेवा. जानेवारीत दोन्हीच्या मधात सापडलात तर केळी. सालीसाठी टोपलं ठेवा, नाहीतर शाळा पिवळी.

रविवारी घेतलात तर नाश्ता तुमच्यावर. शंभर पोरांना पाच-सहा किलो पोहे लागतात. तर्री व्हॉलंटिअरसाठी वेगळी ठेवा, पहिलीतल्याला तिखट झेपत नाही आणि मग पाण्याला झुंबड.

पाणी माणशी दोन लिटर धरा. शंभर जणांना वीस लिटरच्या दहा कॅन. शाळेत बोअर आहे ऐकून निर्धास्त राहू नका, आधी जाऊन एक ग्लास पिऊन बघा. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट लागते, तिथल्या लोकांना सवय आहे, तुमच्या पोरांना नाही.

जपायचं काय

यात चालढकल नको. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घरी ठेवून यायचा, गाडीच्या डिकीतही नको. गेटच्या बाहेर जाऊन घोटतो म्हणणाऱ्याला सांगा, लहान पोट्ट्याला वास कळते, पन्नी कळते, आणि ज्या दादासोबत सकाळी लगोरी खेळला तोच दुपारी पन्नी तोंडानं फाडताना दिसला तर त्याच्या डोक्यात तेच बसते.

कोणताही व्हॉलंटिअर एका पोरासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. लहान पोरींना बाथरूमला न्यायला व्हॉलंटिअर पोरगीच, तीही दोघींना सोबत घेऊन. पोरं बोलता बोलता घरातलं काही सांगून जातात, मारहाणीचं किंवा त्याहून वाईट. तिथं प्रश्नांची सरबत्ती करू नका, ऐका, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या कानावर घाला. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, ती सगळ्या व्हॉलंटिअरच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे. तसंच 108 ॲम्ब्युलन्स. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब ते आदल्या भेटीत गाडीनं जाऊन बघा. औषधाच्या डब्यात पट्टी, जंतुनाशक, ओआरएस. गोळ्या तुमच्या मनानं कोणालाच द्यायच्या नाहीत. शाळेमागचं गवत, पऱ्हाटीचा ढीग, पडकी खोली इकडं पोरं जाऊ नयेत म्हणून दोरी बांधा, साप-विंचू तिथंच असतात.

फोटोचं: शाळेची परवानगी घ्या, पाठमोरे किंवा हातांचे काढा. पोराच्या हातात पेन्सिल देताना सहा जणांनी कॅमेऱ्याकडं बघायचा फोटो तर काढूच नका.

प्रत्यक्ष दिवस

सात वाजता गावात. पहिला अर्धा तास मैदान झाडायचं, काचा-काटे वेचायचे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री, तोच क्रम. साडेसातला नोंदणी: नाव, वर्ग, घरच्यांचा फोन, आणि मनगटाला रंगीत सुतळी, गटाप्रमाणं. चिठ्ठ्या चिकटवल्या तर पाच मिनिटांत गळतात. पावणेआठला एक गाणं किंवा टाळ्यांचा खेळ, पाच मिनिटं, उद्घाटन झालं. आठ ते नऊ वीसपर्यंत दोन जागा, मग वीस मिनिटं फळ-पाणी, मग उरलेल्या दोन, अकरापर्यंत संपलं पाहिजे. अकराला पोषण आहार, वाढायला व्हॉलंटिअर.

काही ना काही लांबेलच. कापसाची जागा लांबते, लोणारमध्ये पोरं हटत नाहीत. तेव्हा शिट्टी मारून हाकलण्यापेक्षा एखादी जागा सोडून द्या, चारऐवजी तीन झाल्या तर कोणाचं काही बिघडत नाही. माईक आणलाच असंल तर तो गावातल्या एखाद्या आठवीतल्या पोरीच्या हातात द्या, तुमच्या ग्रुपमधल्या माईकवेड्याच्या नको.

पोरं घरी सोडताना नोंदणीच्या यादीवर टिक. लहान्यांना न्यायला मोठं भावंडं आलं का ते बघूनच. शेवटचं पोरगं गेल्याशिवाय तुमच्यातलं कोणी एस्टीसाठी फाट्याकडं निघायचं नाही.

नंतरची कामं

उरलेलं साहित्य, काटा, पट्ट्या, रंग, कंचे, सगळं शाळेला देऊन या आणि यादीवर सही घ्या. हिशोब दोन दिवसांत ग्रुपवर टाका, कोणाचे किती आले, कुठं गेले, पावत्यांच्या फोटोसकट, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी मागताना लोकं तोंड फिरवतात. रासेयोवाल्यांनी तासांची नोंद लगेच करून घ्यावी, वर्षाचे 120 तास भरायचे असतात आणि तयारीच्या भेटीही त्यात धरायला कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. गाव तुमचं दत्तक गाव असंल तर सात दिवसांच्या शिबिराला तिथंच जाणार असाल, मग याच दिवशी ओळखी करून ठेवा.

पंधरा दिवसांनी दोघा-तिघांनी परत जाऊन या, रिकाम्या हातानं चालते. मुख्याध्यापकांना विचारा काय जमलं, काय नाही, कोणती पोरं आलीच नव्हती आणि का. त्या न आलेल्या पोरांची यादी जपून ठेवा, पुढच्या वेळची तारीख आणि जागा त्यांच्या घरच्यांना विचारूनच ठरवायची, मग ती शाळा नसून तांड्यावरचं समाजमंदिर निघालं तरी.